सर्पिनाच्या पेटीचं झाड

माझी सासू सर्पिना दही झकास लावायची. तिच्याबद्दल चांगलं बोलण्यासारखं तेवढंच. बाकी बाईच्या जिभेला हाड नव्हतं.

डोंगरात बर्फ कमी पडू लागलं तशी नदी दर वर्षी आणखी वरच आटू लागली, आणि आमचं गाव तर नदीच्या पार शेपटाशी. वाळवंट रोखून धरलं होतं ते वेशीबाहेरच्या राईने. हिरवं झाड पाडलं तर राजाला घोडा दंड द्यायचा. या राईचा राखणदार माझा नवरा, सुगुत.

पूर्वी आमच्यात मेलेल्या माणसाला खोड कोरून केलेल्या पेटीत पुरायचे. सुगुतने ते बंद पाडलं. लोक आपली माणसं चटईत गुंडाळून पुरायचे आणि परतताना आमच्या दारात थुंकायचे.

मग सर्पिना अंथरुणाला खिळली.

"मला चटईत गुंडाळणार? मी काय मेलेली शेळी आहे?"

"आई, कायदा सगळ्यांना सारखाच."

"तुला दूध कुणी पाजलं रे, कायद्याने?"

मी म्हटलं, "एक झाड पडलं की गाव सगळी राई पाडेल."

"तू गप्प बस गं सटवे!"

शेवटी सुगुतने हात टेकले. आमचा एकुलता घोडा दंडात दिला, सगळ्यांत जाड झाड पाडलं आणि पेटी कोरली.

दुसऱ्याच सकाळी शेजारचा कुंगेय कुऱ्हाड घेऊन आला. "तुझ्या आईला पेटी आणि माझ्या बापाला चटई होय रे?" त्याच्यामागे अख्खं गाव. सुगुत आडवा आला, तर त्याचे दात पाडले. सगळी राई पाडली. कुणी पेट्या केल्या, कुणी तुळया, कुणी नुसतंच जाळलं. दंड एकानेही भरला नाही. हलकट मेले!

आणि सासू? ठणठणीत बरी झाली. दुपारी पेटीत निजून लांबी बघायची.

वसंतातल्या वाऱ्याने वाळू आत आणली. पाट बुजले, शेतं गेली. गाव उंटांवर सामान लादून नदीच्या वरच्या अंगाला निघालं. कुंगेय जाताजाता सुगुतच्या तोंडावर थुंकला, "तुझ्या आईने गाव खाल्लं!"

सर्पिना पेटीवर बसून राहिली. "पेटी घेतलीस तरच येईन."

"आई, उंटावर पाण्याच्या पखाली आहेत. पेटी घेतली तर पोरं तहानेने मरतील."

"मग जा."

त्याने तिला उचललं, तर ती त्याच्या हाताला कडकडून चावली. मीच त्याला ओढत नेलं. मला तिचा राग होता, आजही आहे.

वळून पाहिलं तेव्हा ती पेटीत उतरली होती आणि झाकण ओढून घ्यायला धडपडत होती. तिला एकटीला ते उचलवत नव्हतं.