बॅटरीवरच्या तीन लाल रेघा

हे माझ्या बायकोला माहीत नाही. आमच्या मठाच्या स्वामींना माहीत नाही. दर सोमवारी ज्यांच्यासोबत परळीला दर्शनाला जातो, त्या मित्रांपुढेही मी यातला चकार शब्द काढलेला नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगायचं धाडस होतंय — पण धाडस तरी कसलं? धाडसाची वेळ होती तेव्हा मी शेपूट घातली होती.

तेलगावात माझं बॅटऱ्यांचं दुकान आहे. ही गोष्ट नव्वद सालानंतरची, तेव्हा मी चाळिशीच्या आतला होतो. तो काळ आठवतो ना तुम्हाला? कालपर्यंत स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायची, आणि आता एकाएकी सगळ्या कंपन्यांना आमच्या खेड्यापाड्यांची आठवण झाली. भिंती रंगल्या, बॅनर लागले, टोप्या आणि बनियन फुकट वाटले गेले. आणि एक शब्द सगळ्यांच्या तोंडी बसला — गॅरंटी. म्हाताऱ्या बायकासुद्धा कुकर घेताना विचारायच्या, गॅरंटी हाय का रे बाबा?

माझ्या दुकानावरही एका बॅटरी कंपनीचा बोर्ड लागला. निळा, आतून दिवा असलेला. तसला बोर्ड गावात पहिलाच. त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं — अधिकृत विक्रेता. मी नारळ फोडला, पेढे वाटले, रस्त्याच्या पलीकडे उभा राहून कितीतरी वेळ तो बोर्ड बघत राहिलो. हे मुद्दाम सांगतोय. पुढं जे केलं ते त्या बोर्डासाठी केलं. पोटासाठी नाही, पोरांसाठी नाही. एका निळ्या पत्र्यासाठी!

आता शकूअक्काबद्दल सांगतो.

शकुंतला तिचं नाव, आम्ही सगळे शकूअक्का म्हणायचो. आमच्याच समाजाची, आम्ही दोघं एकाच मठाचे. लहानपणी पोलिओ झाला आणि उजवा पाय वाळून गेला. पण हात! तिच्या हाताचा ब्लाऊज घातलेली बाई दुसऱ्या शिंप्याकडे जात नसे. दोन गावं सोडून सिरसाळ्याच्या वाटेवरच्या एका खेड्यात ती शिवणक्लास चालवायची. पंधरा-वीस पोरी यायच्या. पूर्वी भाऊ सायकलवर सोडायचा, भाऊ रुसला की क्लास बुडायचा. मग तिनं सेल्फ स्टार्टची गाडी घेतली, मागं दोन्ही बाजूंना जादा चाकं बसवून घेतली. बटण दाबलं की गाडी सुरू! किक मारायची गरज नाही, कुणाच्या तोंडाकडे बघायची गरज नाही. कापडाची पिशवी पुढं अडकवून ती बाजारातून निघाली की लोक वळून बघायचे. मीही बघायचो. खोटं कशाला बोलू, कौतुक वाटायचं.

तुमच्या आमच्यासाठी गाडीची बॅटरी म्हणजे काय? नसली तर दोन किका जास्त मारायच्या. शकूअक्कासाठी बॅटरी म्हणजे तिचा उजवा पाय होता. हे मला तेव्हाही कळत होतं. नंतर कळलं असं मी म्हणणार नाही.

जुनी बॅटरी संपली तेव्हा तिनं माझ्याकडून नवी घेतली. कोरी, खोक्यातली, गॅरंटी कार्डावर माझा शिक्का. चार महिन्यांत तिचा एक सेल मेला. कंपनीच्या त्या मालात खोट होती, तसल्या कितीतरी बॅटऱ्या परत येत होत्या. शकूअक्का कार्ड घेऊन आली. नियमाप्रमाणे बॅटरी बदलून मिळायला हवी होती. हक्काची गोष्ट, मेहरबानी नव्हे.

कंपनीचा माणूस महिन्यातून एकदा यायचा. बीडच्या उन्हात टाय लावून. मी त्याच्यापुढं परत आलेल्या बॅटऱ्यांची रांग मांडली. तो हसला. म्हणाला, "आप्पा, इतक्या तक्रारी वर पाठवल्या तर बोर्ड दुसऱ्या दुकानावर जाईल बरं. चार्ज करा, नंबर खरवडा, नवीन स्टिकर लावा आणि द्या परत. सगळीकडं असंच चालतं." आणि त्यानं बॅगेतून स्टिकरांची चवड काढून काउंटरवर ठेवली. छापील, तयार! म्हणजे फसवायची सोयसुद्धा कंपनीनंच करून ठेवलेली. नालायक लेकाचे! आजही आठवलं की माझं डोकं तडकतं.

पण त्याच्यावर तडकून काय उपयोग? ब्लेड माझ्या हातात होतं.

मी शकूअक्काचीच बॅटरी दोन दिवस चार्जिंगला लावली. मेलेला सेल काही काळ तग धरतो, तसा त्यानं धरला. नंबर खरवडला, स्टिकर लावलं, डबा साबणानं पुसून चकाचक केला आणि तिला दिली. "घ्या अक्का, नवी कोरी." ती खूश. पिशवीतून शेंगदाण्याचे लाडू काढून दिले. मी खाल्ले.

महिना झाला नाही तोच गाडी रस्त्यात बंद पडली. मग रोजच पडायला लागली. उसाच्या बांधाला बसून राहायचं, कुणी येईपर्यंत. आलेल्या माणसाला म्हणायचं, दादा, तेवढी किक मारून देता का? कुणी मारून द्यायचा. कुणी उगीच चौकशा करायचा — कुणाची गं तू, लगीन झालं का. एकदा दोन टवाळ पोरांनी किक मारली, गाडी सुरू केली, तिच्या देखत परत बंद केली आणि हसत निघून गेली. हे तिनं मला सांगितलं नाही, तिच्या भावानं सांगितलं. मी च्‌ च्‌ केलं. काय जमाना आलाय, असंही म्हणालो बहुतेक.

शेवटी भावानं बॅटरी खोलून बाहेर काढली आणि शकूअक्काला तिच्या मागच्या अंगाला तीन लाल रेघा दिसल्या.

त्या रेघांचं असं होतं. दसऱ्याला आमच्याकडं सगळ्या हत्यारांची, वाहनांची पूजा करतात, भस्माचे तीन पट्टे ओढतात. शकूअक्कानं शिलाई मशिनला ओढले, कात्रीला ओढले, गाडीची सीट उचलून बॅटरीलाही ओढले. भस्म काय टिकतंय? म्हणून भाचीच्या नेलपॉलिशनं त्यावर बारीक रेघा काढून ठेवल्या होत्या. बोटभर लांबीच्या. मी डबा पुसला तेव्हा मागची बाजू बघितलीच नव्हती.

ती दुकानात आली. ओरडली नाही. बॅटरी काउंटरवर ठेवली, रेघांवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "आप्पा, ही तर माझीच हाय. कावून असं केलं?"

त्याच क्षणी बोलून मोकळा झालो असतो तर? काउंटरपलीकडं खोक्यात चार नव्या बॅटऱ्या पडल्या होत्या. हात लांब करायचा होता फक्त. पण दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं उभी होती, आणि डोक्यावर तो बोर्ड. मी म्हणालो, दसऱ्याला दुकानातल्या सगळ्याच मालाची पूजा केली होती अक्का, पोरींनी काढल्या असतील रेघा. वर सल्ला दिला — तुम्ही हापशाचं पाणी घातलं असेल बॅटरीत, बटण फार वेळ दाबून धरत असाल. बाईमाणसाला मशिनचं कळत नाही, असं तोंडानं म्हणालो नाही. पण सूर तोच होता.

तुम्हाला वाटलं असेल की ती गप्प बसली. नाही बसली! पेपरात ग्राहकांच्या हक्कांवर छापून यायचं, त्याची कात्रणं तिच्याकडं होती. तिनं स्वतःच्या अक्षरात अर्ज लिहिला आणि बीडला ग्राहक मंचात दिला. माझ्यावर आणि कंपनीवर. मला नोटीसही आली. पण बॅटरी कुठं होती? माझ्या दुकानात. कार्डावर बारीक इंग्रजीत नियमच होता — बॅटरी विक्रेत्याकडं जमा केल्याशिवाय तक्रार धरली जाणार नाही. बघा आता हा न्याय! ज्यानं चोरी केली त्याच्याच हातात चोरीचा माल नेऊन द्यायचा, तेव्हा कुठं चोरीची तक्रार करायची. तिच्याकडं फक्त माझी पावती होती.

आणि मी रंगाऱ्याकडून थिनर आणलं. भर दुपारी, दुकानाचं अर्धं शटर ओढून, चिंधीनं त्या रेघा पुसल्या. लगेच गेल्या. पण थिनरनं तिथलं प्लॅस्टिक जरा खाल्लं, तीन पुसट पांढुरके चरे राहिले. मी त्यावर हात फिरवून बघितला. कोण एवढं बारीक बघणार, म्हणालो.

तारखेला ती बॅटरी घेऊन बीडला गेलो. कंपनीचा वकील मोठ्या फायली घेऊन आलेला. शकूअक्का एकटी, कापडी पिशवी आणि कुबडी. मंचाच्या बाहेर व्हरांड्यात आम्ही आपापला पुकारा व्हायची वाट बघत बसलो. थोड्या वेळानं ती कुबडी टेकत माझ्याकडं आली. "आप्पा, बॅटरी बघू द्या एकदा." मी दिली. तिनं ती उलटी केली. रेघा नव्हत्या. तिचा चेहरा — जाऊ द्या, ते मला सांगता येणार नाही. मग शिवणाऱ्या बाईचं बोट ते, तिनं त्या जागेवरून फिरवलं. थांबली. परत फिरवलं. "हितं खरबरीत लागतंय," ती हळूच म्हणाली.

तिला कळलं होतं. मला शंभर टक्के माहीत आहे, त्या क्षणी तिला सगळं कळलं होतं. आत जाऊन तिनं एवढंच सांगितलं असतं, साहेब हात लावून बघा, तर माझा आणि कंपनीचा बाजार उठला असता.

पण ती आत गेली नाही. ती म्हणाली, "आप्पा, आपण एका मठाची माणसं. मला लई बोलायचं न्हाई. लिंगाला हात लावून सांगा, ही माझी बॅटरी न्हाई म्हणून. मी आत्ता अर्ज मागं घेते."

आमच्यात गळ्यात इष्टलिंग असतं. लहानपणी दीक्षा मिळते तेव्हापासून मातीत जाईपर्यंत. त्याला हात लावून कुणी खोटं बोलत नाही. म्हणजे बोलू नये असं नव्हे — बोलतच नाही. कायदा, मंच, वकील हे सगळं तिनं त्याच्यापुढं हलकं मानलं. साऱ्या जगात एवढी एकच गॅरंटी तिला खरी वाटत होती.

मी शर्टाच्या आत हात घातला. लिंगाच्या चांदीच्या डबीवर तळवा ठेवला. म्हणालो, "ही तुमची बॅटरी नाही अक्का."

हेच ते. हेच इतकी वर्षं पोटात ठेवलं होतं.

ती आत गेली आणि म्हणाली, माझी समजूत चुकली होती, अर्ज मागं घेते. मला साक्ष द्यावीच लागली नाही. घरी येताना एसटीत मी स्वतःला समजावत होतो की मंचापुढं आपण खोटं बोललोच नाही. केवढा हा नीचपणा! मंचापुढं बोललो असतो तर निदान तिथं कागद झाला असता, कुणी तरी उलटतपासणी घेतली असती. मी अशा ठिकाणी खोटं बोललो जिथं तपासणारं कुणी नव्हतं, आणि जिचं बोट खरं सांगत होतं तिनं स्वतःच्या बोटावरचा विश्वास काढून माझ्यावर ठेवला.

आणि स्वतःवरचा तो विश्वास तिनं कायमचाच काढला. महिन्याभरात गाडी विकली. "माझ्याच्यानं मशिन सांभाळलं जात न्हाई," असं सगळ्यांना सांगायची. नवी बॅटरी घ्यायला भाऊ तयार होता, तीच नको म्हणाली. खेड्यातला क्लास बंद पडला, पंधरा-वीस पोरी घरी बसल्या. शकूअक्का घराच्या ओट्यावर मशिन मांडून बसायला लागली. त्यानंतर तिला कुठं जायचं असेल तर भावाला वेळ असेल तेव्हा.

कंपनी तीन-चार वर्षांत गाशा गुंडाळून गेली. बोर्डातला दिवा त्याआधीच गेला होता. पत्रा मी अजून काढलेला नाही.

राहिलं एक. ते सगळ्यात जड आहे. त्याच वर्षी श्रावणात शकूअक्का दुकानात आली. कुबडी काउंटरला टेकवली, हात जोडले. "शरणार्थ आप्पा. माझ्या डोक्यात भलताच संशय शिरला. तुमाला लिंगाला हात लावाया लावला, लई मोठं पाप झालं माझ्या हातनं." आणि पिशवीतून एक लहान पांढरं रेशमी वस्त्र काढलं, लिंग गुंडाळायला असतं तसलं. काठाला हातशिलाई, इतके बारीक टाके की दिसत नव्हते. प्रायश्चित्त म्हणून शिवलं होतं तिनं.

मी म्हणालो, "असू द्या अक्का. होतं माणसाकडून." आणि ते घेतलं.

रेशमी असलं तरी ते वर्षभरात विरतं. म्हणून दर श्रावणात ती नवं शिवून आणते. आता तिला डोळ्यांना नीट दिसत नाही, टाके मोठे पडतात. यंदाही आणलं होतं. मी घेतलं. हे सांगतोय तेव्हाही ते माझ्या गळ्यात आहे.