नानांनी सांगितलेली चित्रं

कळसाडीत बसून मी ऑनलाइन जर्मन शिकते, याचं गावाला अजून हसू येतं. येऊ दे. मी जन्मापासून आंधळी. संगणकाला ब्रेलचं यंत्र जोडलेलं आहे. पडद्यावरची ओळ त्याच्यावर ठिपके होऊन उमटते आणि मी ती बोटांनी वाचते. मजकूर असेल तोवर माझं कुणावाचून अडत नाही. पण धडे लिहिणाऱ्यांना चित्रांचा भारी सोस. 'चित्र पाहा आणि सांगा.' माझ्या बोटाखाली नुसतंच 'चित्र'. डोक्यात तिडीक जायची. दुसऱ्याचे डोळे उसने न घेता एक तरी गोष्ट शिकायची, म्हणून तर हा उद्योग मांडला होता.

शेवटी नानांना, माझ्या वडिलांना, शेजारी बसवलं. माणूस अबोल. ऊस, केळी आणि पाण्याची पाळी सोडून ते माझ्याशी फारसं कधी बोलले नव्हते. चित्रांनी मात्र त्यांचं तोंड उघडलं. "खाट शे. उशी पाटनागत चौकोनी शे. झोप कशी लागत व्हई यासले?" सफरचंदाची बाग दिसली की आधी पाण्याची सोय शोधायचे. शेतातून आले की हातपाय धुऊन आपणहून खुर्ची ओढायला लागले.

इकडे शिकवणाऱ्या बाईंकडे माझी भुणभुण चालूच होती. एक दिवस त्यांनी प्रत्येक चित्राचं वर्णन लिहून पाठवलं. मी हरखले. संध्याकाळी नाना बसले तेव्हा भराभर वाचून दाखवलं: स्टेशन, पाऊस, छत्री घेतलेली बाई.

"मंग आते मन्हं काय काम?" नाना म्हणाले. रागावून नाही, सहज. खुर्ची मागे सरकली.

गरज सरो, वैद्य मरो, असं वाटलं असेल का त्यांना? मला त्यांचे डोळे नको होते, पण त्यांचं बोलणं हवं होतं. फार हवं होतं.

"नाना, बठा ना. छत्रीवाली बाईनं तोंड कसं शे, ते लिखेल नही."

खुर्ची पुन्हा पुढे आली. "हासी ऱ्हायनी."

"कशी?"

नानांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, "तू हासस तशी. पहिले डावा गाल वर जास, मंग दात दिखतस."

मी गालावर हात ठेवला. माझं हसू कसं दिसतं, हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. आपण हसलो तर तिकडे कोण बघतंय, असंच मी धरून चालले होते. नाना इतकी वर्षं बघत होते.