व्याही आले की उठायचं

वडिलांच्या छातीत कळ आली तेव्हा ते उसात दारं धरत होते. कालव्याच्या पाण्याची पाळी होती. आमच्या कोऱ्हाळ्यात पाळी सुरू असताना बांधावर टेकणारा माणूस तेव्हा मी तरी पाहिला नव्हता. वडीलही टेकले नाहीत. कळ सोसत एका सरीचं दार बांधायचे, दुसरीचं फोडायचे. भाऊ भाकरी घेऊन गेला तेव्हा ते चिखलात बसलेले होते आणि खोरं हातात होतं. घरच्यांनी पित्त समजून ओवा चावायला दिला. ओठ काळे पडल्यावर मात्र सगळे हबकले आणि बारामतीला निघालेल्या भाजीच्या ट्रकमधून त्यांना दवाखान्यात नेलं.

मला डाळजला, सासरी निरोप आला. आईला सुई बघितली तरी घेरी येई आणि भावाला उसाचं पाणी सोडून हलता येत नव्हतं. म्हणून वडिलांच्या उशाशी मी राहिले.

डॉक्टरांनी एकच गोष्ट सांगितली आणि तीच पुन्हा पुन्हा सांगितली. हृदयाला इजा झाली आहे, ती भरेपर्यंत या माणसाने उठायचं नाही, बसायचं नाही, कूससुद्धा दुसऱ्याने बदलून द्यायची. तेव्हा यापलीकडे फारसं औषध नव्हतंही. पडून राहतील तर वाचतील, उठतील तर सांगता येत नाही.

वडील पडून राहिले. मी भात भरवला तर खाल्ला, दवाखान्यातलं भांडं घ्यायची लाज वाटली तरी डोळे मिटून तेही घेतलं. गावची माणसं बघायला यायची, खाटेभोवती बसून जायची. वडील आडव्यानेच रामराम घ्यायचे. फेटा तेवढा त्यांनी खाटेच्या लोखंडी दांड्याला अडकवून ठेवायला लावला होता. मला वाटलं, जमलं.

मग माझे सासरे आले.

व्हरांड्यात त्यांची काठी वाजली, ते खाकरले. मी वळून बघते तो वडिलांचे पाय जमिनीवर आणि हात फेट्याकडे. मी धरेपर्यंत ते उभे राहिले, "रामराम पाव्हणं" म्हणाले आणि तसेच माझ्या अंगावर कलले. त्यांचा सदरा घामाने भिजला होता. डॉक्टर धावत आले, इंजेक्शन दिलं आणि मला बाहेर नेऊन म्हणाले, "पुन्हा असं झालं तर माझ्या हातात काही राहणार नाही."

वडिलांना बोलता यायला लागल्यावर मी विचारलं, "आबा, कशापायी उठला?"

"इवाई दारात आन मी आडवा?"

"त्यांना कळत न्हाय व्हय, तुमी आजारी हाय ते?"

"त्यांना कळतंय गं. पर त्यांच्या घरात तू हायस. उद्या कुणी बोललं, हिच्या बापाला मानपान ठावं न्हाय, तर ते तुला ऐकावं लागंल."

मला सासरी कुणी तसं बोलणार नव्हतं. आणि बोललं असतं तर मीही गप्प बसणारी नव्हते. पण लेक दिलेल्या घरच्या माणसासमोर उभं राहायचं, ही गोष्ट त्यांच्या हाडात होती. डॉक्टरांचं सांगणं नुसतं कानात होतं.

सासरे पुन्हा येणार हे ठरलेलं होतं. व्याह्याला एकदाच बघून जाणं त्यांनाही शोभलं नसतं. येऊ नका म्हणावं तर अपमान, आणि आले तर वडील उठणार. नवऱ्याला सांगून पाहिलं. तो म्हणाला, "मी कसं सांगू? तूच बघ." लग्न होऊन चार वर्षं झाली तरी मी सासऱ्यांशी समोरासमोर बोललेली नव्हते. काही सांगायचं तर भिंतीकडे बघून, कुणाच्या तरी नावाने सांगायचं.

ते आले त्या दिवशी मी फाटकातच थांबले. पदर नीट घेतला आणि म्हणाले, "मामंजी, आत जाऊ नका."

ते थांबले. "का गं?"

"तुमाला बघून आबा उठत्यात. डॉक्टर म्हणत्यात, उठलं तर जातील."

"मग मी लगीच खाली बसतो."

"तरी उठतील."

"दारातनंच रामराम करतो."

"तरी उठतील."

सासऱ्यांनी काठी जमिनीवर आपटली. "उभा ऱ्हाऊ नको, बसू नको. मग मी काय झोपू?"

मग काठीकडे बघत तेच म्हणाले, "पलीकडची खाट रिकामी हाय का?"

होती. शेजारचा पेशंट सकाळीच घरी गेला होता. सासरे न खाकरता आत शिरले, वहाणा खाटेखाली सारल्या आणि डोक्यावरच्या पागोट्यासकट लांब झाले. वडिलांनी मान वळवली. हात फेट्याकडे निघाला आणि मध्येच थांबला.

"पाव्हणं, हे काय?"

"मी बी आजारी हाय. आजाऱ्यानं आजाऱ्यासाठी उठायची रीत न्हाय. ते जाऊ द्या, तुमचं पाणी आलं का?"

मग दोघे छताकडे बघत बोलत राहिले. कोऱ्हाळ्याचा ऊस, डाळजच्या विहिरीवरची मिरची, कुणाचा बैल बसला. नर्सबाई आल्या आणि हातासरशी सासऱ्यांचीही नाडी बघायला लागल्या.

"बरी हाय का?" सासऱ्यांनी विचारलं.

"तुमची उत्तम आहे. कधी आलात तुम्ही?"

वडील हसले. आजारपणात पहिल्यांदाच हसले, आणि मला धास्ती, हसायला परवानगी आहे की नाही.

त्यानंतर सासरे येत ते थेट पलीकडच्या खाटेवर. ती भरलेली असली तर वडिलांच्या उशामागे, त्यांना दिसणार नाहीत असे बसत आणि तिथून बोलत.

पुढे एके सकाळी डॉक्टर म्हणाले, आज आधार घेऊन जरा उभे राहा. वडील म्हणाले, "आज नगं." डॉक्टरांना वाटलं, घाबरले. मला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी सासरे येणार होते.

ते आले आणि सवयीने खाटेवर बसून वहाणा काढायला लागले. वडिलांनी माझ्याकडून फेटा मागून घेतला, स्वतः बांधला आणि उठले. मी मागून दोन्ही काखांत हात घालून उभी होते. माणूस वाळला होता तरी जड लागला.

"रामराम पाव्हणं."

सासरे एका पायात वहाण तशीच असताना उठले. "रामराम. आता बसा."

"आधी तुमी बसा," वडील म्हणाले.

शेवटी मीच दोघांना ओरडले आणि दोघेही बसले.