दोन बोटं जादा

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. बी.एस्सी. झालो, आता सुप्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात क्वालिटीला आहे. हे आधीच सांगतो, कारण पुढचं वाचून कोणी म्हणेल, एवढा शिकलेला माणूस आणि खेळातल्या गाड्या करत बसतो. बसतो. त्यात लाजण्यासारखं मला काही दिसत नाही.

खेळ असा. माझ्याच कारखान्यात ड्रॉइंगला असलेला एक दोस्त नगरला राहतो, मूळचा जामखेडकडचा. त्याच्या हॉलमध्ये टेबलावर प्लायचा मोठा पाट मांडायचा, त्यावर डोंगर, घरं, रस्ते उभे करायचे आणि करंगळीएवढे सैनिक घेऊन लढाई करायची. कोण किती पुढं सरकला ते टेपनं मोजायचं, गोळी लागली का हुकली ते फाशांवर ठरवायचं. आम्ही चौघं खेळतो. रविवारी सकाळी माझी चर्चची उपासना, दुपारी लढाई.

जामखेडवाल्यानं पीओपीचं एक तटबंदीचं शहर केलं होतं. त्याला एकच वेस. ठरलं असं की त्या वेशीतून एक भली मोठी चिलखती गाडी आत न्यायची, सगळी पलटण पोटात घेऊन. तशी गाडी कुठं तयार मिळत नाही. मी म्हणालो, मी करतो. आमच्या घरात सुतारकी आहे.

वडिलांना आम्ही आप्पा म्हणायचो. ते सुतार. दारं-खिडक्या करायचे, आणि आमच्या चर्चच्या मंडळीत कोणी वारलं की त्याची पुरायची पेटीही तेच करायचे. मेलेल्या माणसाला टेप लावायचा नाही, असा त्यांचा नेम. टेपचा कर्रकन आवाज येतो, बायका दचकतात. ते मुठीत दोरी लपवून न्यायचे, डोक्यापासून पायापर्यंत, खांद्यापासून खांद्यापर्यंत धरायचे आणि गाठ मारायचे. मग फळीवर त्या गाठीपुढं दोन्हीकडं दोन-दोन बोटं सोडून खूण करायची. चादर बसायला, फुलं बसायला. दोन बोटं म्हणजे त्यांचीच बोटं नव्हेत, जो करवत धरील त्याची.

गाडीचं सांगितल्यावर ते हसले.

"केवढी?"

"लादीपावाच्या दोन लाद्या लांबीत ठेवल्यावर होईल तेवढी."

"आन् रुंद?"

मी सेंटीमीटर सांगितले.

"आकडा नको सांगू. वेशीची दोरी आन."

पुढच्या रविवारी मी वेशीला दोरी लावून आणली, गाठ मारलेली. आप्पांनी बाभळीच्या तुकड्यातून सहा चाकं काढली, पॉलिश पेपरनं घासून घासून गुळगुळीत केली. आई मोहरी निवडत होती, तिच्यातली मूठभर मी मागितली. गाडीच्या पत्र्याला रिव्हेट दिसायला मोहरीचा दाणा डिंकानं चिकटवला की झकास दिसतो.

"फोडनीला मोहरी न्हाई आन् ह्याच्या गाडीला पायजे," आई म्हणाली. आप्पा म्हणाले, "दे गं. पलटन जायाचीय त्याची." नंतर मला म्हणाले, "वेशीतून गेली की सांग मला."

चाकंच झाली. आप्पांच्या छातीत दुखायला लागलं, दवाखान्यात नेलं, तिथून ते परत आले नाहीत.

मंडळीतल्या माणसांनी सुचवलं, नगरहून तयार पेटी आणू. मी नको म्हणालो. आप्पांची दोरी घेतली, त्यांना लावली, गाठी मारल्या, अंगणात प्लाय टाकला. जामखेडवाला आला होता, त्यानं फळी धरली. मी गाठीपुढं दोन बोटं ठेवून खूण केली तेव्हा त्यानं विचारलं, "हे कशाला?" मी सांगितलं. पेटी चांगली झाली. कोपरे बसले, झाकण बसलं, चादर आणि फुलं नीट मावली. चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, लेकानं बापाची पेटी केली. लोक माझ्याकडं बघत होते, मी रडेन म्हणून. मला रडू आलं नाही. करवतीवर प्लायचा भुसा चिकटला होता, तो पुसायचा राहिलाय, एवढंच डोक्यात होतं.

मग मी कामावर जायला लागलो. जेवायचो, झोपायचो. कोणी काही विचारलं की उत्तर द्यायचो. एक दिवस आई म्हणाली, "ती गाडी तरी पुरी कर. चाकं पडलीत नुसती."

पेटीचा प्लाय उरला होता. वेशीची दोरी खिळ्याला होती. मी बसलो आणि केली गाडी. तळ, बाजू, वरचा बुरुज, इंजेक्शनच्या सिरिंजची तोफ. बाजूंना मोहरीच्या ओळी. राखाडी रंग मारला, खाली चिखलाचे डाग दिले. हात चालत होते, मी बघत होतो. एकच गोष्ट करायची होती, ती वेशीतून न्यायची आणि सांगायचं.

रविवारी गाडी टेबलावर ठेवली तेव्हा बाकीचे दोघं उठून उभे राहिले.

"आरं बाबौ! रणगाडा हाय का उसाची ट्रॉली?"

"कारखान्याला वजन करून आनली का रे?"

खेळ सुरू झाला. माझी पाळी आली. गाडी ढकलत वेशीपाशी नेली. ती खांबांना टेकली आणि थांबली. थोडी तिरकी केली. नाही. मागं घेऊन सरळ लावली. नाही.

"आडकली का?"

"टप काढ की."

"उंचीला न्हाई बाबा, रुंदीला आडकलीय."

मी टेप काढून मोजलं. दिवसभर कारखान्यात मी दुसऱ्यांचे पार्ट मोजतो, छिद्रापेक्षा दांडा जाड असला तर लाल खूण करतो. वेशीतून जायचं तर दोरीपेक्षा कमी करायला हवं होतं. मी वाढवलं होतं.

"दोन बोटं जादा झाली," मी म्हणालो. "दोन्हीकडं."

दोघं हसले. "झोपेत केली का काय?" जामखेडवाला हसला नाही. त्यानं स्वतःच्या बोटांकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"माझी वेस फोडू," तो म्हणाला. "खांब पीओपीचा तर हाय. परत करीन मी."

"वेस ड्रॉइंगप्रमाणं आहे. गाडी रिजेक्ट."

"आरं, एक खांब लई मोठी गोष्ट न्हाई."

"गाडी रिवर्कला नेतो."

"बरं," तो म्हणाला. "चहा टाकतो." आणि आत गेला.

घरी दोन्ही बाजू उचकटल्या. मोहरीचे दाणे टपाटप खाली पडले, ते आईनं झाडून घेतले. तळ दोन्हीकडून कापला. या वेळी दोन बोटं आणि वर थोडं, खांबाला घासू नये म्हणून. बाजू पुन्हा लावल्या, पुन्हा मोहरी, पुन्हा रंग. कापलेल्या पट्ट्या दारात पडल्या होत्या. सकाळी आईनं त्या बंबात घातल्या, त्या पाण्यानं मी आंघोळ केली आणि कामावर गेलो.

पुढच्या रविवारी गाडी वेशीतून गेली. खांब आणि मोहरी यांच्यात दोन्हीकडं पोस्टकार्ड जाईल एवढी जागा होती. जामखेडवाला टेबलावर गाल टेकवून बघत होता. "गेली! गेली रे!" तो ओरडला. बाकीच्यांनी टाळ्या पिटल्या. माझी पलटण आत उतरली. लढाई बहुतेक आम्हीच जिंकलो.

मी टाळ्या ऐकल्या. खिशातून रुमाल काढून गाडीवरची धूळ पुसली, धूळ नव्हती तरी.

घरी आल्यावर आईला सांगितलं, "गेली."

"मला काय सांगतोस? त्यांनी सांगायला सांगितलं हुतं."

सोमवारी दुसरी पाळी होती. निघण्याआधी कबरस्तानात गेलो. अजून सिमेंट केलेलं नाही, नुसता मातीचा उंचवटा आहे. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "आप्पा, गेली गाडी. वेशीतून." मोठ्यानं म्हणालो. कुंपणापलीकडं एक बाई शेळ्या चारत होती, तिनं मान वळवून पाहिलं.

उंचवट्याची डोक्याकडची बाजू जरा बसली होती. माती बसते, पेटी चांगली असली तरी. भिंतीकडेला घमेलं पडलेलं होतं. कोपऱ्यातली माती भरून आणली, खोलगट जागेत ओतली, तळहातानं थापली. वर हाताचा ठसा उमटला, तो पुसून सारखा केला. आणखी एक घमेलं लागलं.

मग नळावर हात धुतले आणि सुप्याची गाडी धरली.