सुईएवढी जखम

दतिया गेटजवळ राहणाऱ्या विद्याधरला कारखान्यात सगळे ‘पंडितजी’ म्हणत. वडील नारायणराव झाशीतल्या उरल्यासुरल्या मराठी घरांत पूजा सांगत. मुलाची तेलकट नोकरी त्यांना कधी रुचली नाही.

कारखान्यात ट्रकचे मोठे जॅक दुरुस्त होत. हवेवर चालणाऱ्या हायड्रॉलिक पंपानं दाब देऊन ते तपासायचे, हे विद्याधरचं काम. पंप सुरू करताना तो घाई करत नसे. टाकीतलं तेल बघायचं, नळ्या चाचपायच्या, हवेचा दाब ठरवणारा रेग्युलेटर पूर्ण सैल करायचा, मगच हवा सोडून दाब हळूहळू चढवायचा. एक नळी घासली होती.

“मालिक, नई मँगवा दीजिए.”

“अगले हफ्ते, पंडितजी.”

हे कितीदा तरी झालं होतं. त्या सकाळी बाहेर गिऱ्हाईक खोळंबलं होतं, म्हणून त्यानं तीच नळी लावली. दाब चढला आणि नळीपाशी तेलाचं बारीक धुकं उडालं. कुठून गळतंय ते बघायला त्यानं हात पुढे केला. आधी हवा बंद करायची, ते राहून गेलं.

बोटाला काहीतरी टोचलं. रक्त नाही, फारसं दुखणंही नाही. त्यानं पंप बंद केला. जवळच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरनं मलम लावून परत पाठवलं.

संध्याकाळी बोट टम्म फुगलं, काळंनिळं पडलं. बायको शारदा घाबरली. “अहो, हे साधं नाही. आत्ता निघायचं.”

रात्री ग्वाल्हेर गाठलं. तिथले सर्जन चिडलेच. “दाबाचं तेल आत शिरलंय. सकाळीच का नाही आलात?”

“वाटलं, सुई टोचली असेल.”

तेल शेजारच्या बोटापर्यंत पसरलं होतं; उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट काढावं लागलं.

पुढच्या वर्षी नारायणराव गेले. पितरांचं पाणी अंगठा आणि तर्जनीमधून सोडायचं. विद्याधरच्या हातून ते भलतीकडेच ओघळलं.

“चालतं हो, भाव महत्त्वाचा,” गुरुजी म्हणाले. विद्याधरनं पळी पुन्हा उचलली.

मालकानं त्याला कारखान्याच्या फाटकावर पहाऱ्याला बसवलं होतं. पंपावर आता बबिन्याच्या लष्करी छावणीतून निवृत्त झालेला मारुती होता. एकदा विद्याधरला दिसलं, पंप चालू आहे आणि मारुती नळीच्या तेलानं ओल्या झालेल्या जोडावरून हात फिरवतोय. तो धावत गेला, हवा बंद केली, मारुतीला मागे ढकललं.

“अरे, हात घालू नकोस!”

मारुती धडपडला आणि भडकला. चारचौघांत ढकललं म्हणून त्यानं तक्रार केली.

“फाटक छोड़के नहीं आना,” मालकानं बजावलं.

विद्याधर परत जाऊन स्टुलावर बसला. आत पंप पुन्हा सुरू झाला.