तळ्यावर न पोचलेली बंडी

इथं ऑस्ट्रेलियात, आमच्या डँडेनॉन्गच्या घरात सोफ्याच्या वर एका तळ्याचा फोटो होता. पार दक्षिणेला, बर्फाच्या अंगाला, ऑस्ट्रेलियाचंच एक बेट आहे. वस्ती नाही. किनाऱ्यालगत हे एवढंसं तळं, मध्ये गोट्यांचा पट्टा आणि पलीकडं लगेच समुद्र. माझा मुलगा इलेक्ट्रिशियन. तळ्याचं पाणी मोजायची यंत्रं बसवायला तो एक उन्हाळा तिथं गेला होता. उन्हाळा नावाला, दात वाजतात म्हणे.

मी शिंपी. शाळा तिसरीपर्यंत, पण हाताची काजं करावीत तर मीच. त्याच्यासाठी कापूस भरून बंडी शिवली. तीन आठवडे लागले, डोळे आता साथ देत नाहीत. आणि माझ्या उस्तादानं शिकवलेलं केलं. लांब जाणाऱ्याच्या अस्तरात जोंधळ्याचे पाच दाणे शिवायचे, म्हणजे माणूस अन्नाकडं परत येतो.

मुलानं आधी बजावलं होतं, हे मी लपवत नाही. "बाबा, तिथं बी न्यायला सक्त मनाई आहे. बुटांचे तळसुद्धा ब्रशनं घासून घेतात." मी हं म्हटलं. मनात म्हटलं, पाच दाण्यांनी काय बेटावर शेत पिकणार आहे?

परत आल्यावर विचारलं, "बंडी उबदार होती का रे?"

"एकदम, बाबा. तळ्यावर रोज तीच घालायचो." मग बंडी कुठाय, तर तिथले कपडे तिथंच जमा करायचे असतात म्हणाला. फोटोत तो पाठमोरा, अंगात केशरी जॅकेट. पार्कातल्या बाकावर मी सगळ्या म्हाताऱ्यांना फोटो दाखवला. "आतून माझी बंडी आहे," म्हणायचो.

गेल्या महिन्यात त्याच्या बोटीवरचा एक पंजाबी मित्र जेवायला आला. फोटो बघून हसायलाच लागला. "अंकल, इसकी बंडी का किस्सा सुना? जहाज पे चढ़ने से पहले चेकिंग हुई, तो अस्तर में से ज्वार निकली! साहब ने पूछा, किसने सिली? ये बोला, पता नहीं, ऑप शॉप से उठाई है. वहीं कचरे में गई!"

ऑप शॉप म्हणजे लोकांनी टाकलेले जुने कपडे विकायचं दुकान.

मुलगा ताटाकडं बघत बसला. मित्रानं गुपचूप ताक संपवलं.

तो गेल्यावर मुलगा म्हणाला, "बाबा, त्यांनी मला तिथूनच घरी पाठवलं असतं. आणि चूक तुमचीच होती."

"होती ना. मग तसं सांगायचं. म्हातारा बाप हट्टी आहे, ऐकत नाही म्हणायचं. बंडी टाकली, ते सोसलं असतं. पण कुणी शिवली ते माहीत नाही म्हणालास. आणि मला दोन वर्षं त्या बाकावर खोटं बोलायला लावलंस."

"सॉरी, बाबा."

फोटो मी उतरवला. बाकावर जाऊन सगळ्यांना सांगितलं, बंडी तळ्यावर पोचलीच नाही. कुणी हसलं नाही, तेच जास्त लागलं.

शनिवारी मुलगा नवी पँट घेऊन आला. "बाबा, दोन इंच कमी करून द्या ना."

मी चष्मा काढून डबीत ठेवला. म्हटलं, "ओळखीच्या शिंप्याकडं दे."