निळ्या शर्टाची ओळख

परळच्या आमच्या प्रयोगशाळेत एक कीटकतज्ज्ञ होते; ते भातावरचे तुडतुडे ओळखायचं काम करत आणि मी समोरच्या टेबलावर टायपिंग. कणीएवढा हिरवा किडा, पंखांवर काळे ठिपके; मला सगळे सारखेच दिसत. एकदा ठिपके बघून मी म्हटलं, "हा कालचाच ना?" तर ते चिडले.

"ठिपक्यांवर जाऊ नका हो. एकाच जातीत ते असतात, नसतातही. जात कळते ती नराच्या पोटाच्या टोकावरून; ते सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्याशिवाय मी नाव सांगत नाही."

मादी आली, की साहेबांनी कितीही घाई केली तरी लेबलवर सरळ 'जात कळली नाही' लिहीत.

संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यांच्या दिवसांत एका दुपारी खाली लाठीमार झाला आणि एक दगड खिडकीची काच फोडून थेट त्यांच्या पेटीवर पडला. दोन पावसाळे जमवलेल्या तुडतुड्यांचा भुगा झाला. थोड्या वेळाने इन्स्पेक्टर एका गिरणी कामगाराला दंडाला धरून वर घेऊन आला.

"तुम्ही खिडकीतच होता. हाच ना?"

ते चष्मा पुसून बराच वेळ बघत राहिले. "दगड मारणाऱ्याचा शर्ट निळा होता. ह्यांचाही निळा आहे. तेवढ्यावरून हेच, असं मी म्हणणार नाही."

इन्स्पेक्टर वैतागून त्याला तिथेच सोडून गेला. मग ते त्या माणसाला म्हणाले, "दगड तुमचा असेल, तर माझं दोन पावसाळ्यांचं काम गेलं. नसेल, तर या तुम्ही."

तो गेला नाही. खाली बसून काचा वेचू लागला.